मधूचा वाटा

"भाजी जास्त खा," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा सगुणाला वाटलं, बाई थट्टा करताहेत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात हयात काढलेली, बाजारात तीस वर्षं मासळी विकलेली बाई ती. तिच्या घरात भाजी शिरायची ती सुकटीचा हात धरून, तीही कधीमधी. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"गुडघे वजनाने गेलेत, मावशी. दहा-बारा किलो उतरवा, मग खुशाल जिने चढा."

जिने म्हटल्यावर सगुणा सावरून बसली. तिचं सगळं दुखणंच त्या जिन्यात होतं. एकुलता एक मुलगा मधू लग्न होऊन डोंबिवलीला राहायला गेला, तो थेट चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, बहात्तर पायऱ्या. सगुणा हौसेने एकदा गेली होती. दुसऱ्या मजल्यावर जी बसली ती काही केल्या उठेना. सून कांताने चहा तिथेच आणून दिला. येणारे-जाणारे तिला वळसा घालून वर जात होते, आणि ती लुगडं आवरून 'बसलेय जरा' असं प्रत्येकाला सांगत होती. मुलाचं घर न बघताच ती परतली.

पुढे नातू झाला. त्याला दोनदा कोळीवाड्यात आणला, मग येणं थांबलं. आधी थंडी होती, मग ऊन होतं, मग त्याला दात येत होते. सगुणाने ठरवलं, पोर चालायला लागायच्या आत आपण त्या पायऱ्या चढायच्या. कुणी बोलवायची वाट बघायची नाही.

म्हणून तिने भाजी सुरू केली. बाईचा स्वभावच असा की एकदा मनावर घेतलं की घेतलं. दुधी आणला, पडवळ आणलं, मेथीच्या जुड्या आणल्या. शेजारणींनी नाकं मुरडली. "सगुणा आता माळ घालते वाटतं," म्हणाल्या. पूर्वी कालवण केलं की वाटीभर शेजारी जायचं, तिकडून वाटीभर यायचं. पडवळाची वाटी कुणी घेईना. तेव्हा केलेलं सगळं तिचं तिलाच संपवायला लागलं. शिवाय नुसती उकडलेली भाजी घशाखाली उतरायची नाही, म्हणून ती पळीभर तेल आणि मूठभर खोबरं घालायची. आणि ही भाजी ती खायची कधी, तर नेहमीचं जेवण झाल्यावर. डॉक्टरचं औषध जेवणानंतरच घ्यायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं.

वजन करायला ती रघूच्या लाकडाच्या वखारीत जायची. दवाखान्यातल्या काट्यावर उभं राहायची तिला लाज वाटे. वखारीतल्या तराजूच्या पारड्यात मात्र ती ऐटीत मांडी घालून बसायची. रघू म्हातारा होता, ओळखीतला होता, आणि तोंडाने फटकळ होता. पहिल्या खेपेला एक्याण्णव किलो भरलं. दीड महिना भाजी खाऊन ती पुन्हा पारड्यात बसली, तेव्हा रघूने वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली.

"त्र्याण्णव," तो म्हणाला. "वैनी, भाजी खातेस का भाजीवाली?"

सगुणा त्याच्यावर खेकसली आणि तडक दवाखान्यात गेली. दीड महिना पाला चघळून माणसाने जाड व्हायचं म्हणजे काय!

"काय काय खाता ते सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"भाजीच खातंय की. वाटीभर नाय, टोपभर."

"आणि भात?"

"भात तो असतोच. भात झाला का मग भाजी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो मावशी, भाजी काही आत जाऊन चरबी पुसून काढत नाही. भाजीने पोट भरतं, म्हणून भात कमी जातो. तोच तिचा उपयोग. तुम्ही कमी काहीच केलं नाहीत, नुसती भर घातलीत. आधी भाजी खायची, कमी तेलाची. मग थोडासा भात. किती तांदूळ टाकता?"

"चार मुठी."

"घरात माणसं किती?"

"मी एकलीच."

"मग चार मुठी कशाला?"

"दोन माझ्या. दोन मधूच्या."

"मुलगा येतो का जेवायला?"

सगुणा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. "येत होता," ती म्हणाली.

तिच्या सासरची रीत होती. होडी कधी परत लागेल ते भरतीच्या हातात, त्यामुळे जो पुरुष पाण्यावर गेला असेल त्याच्या नावाचे तांदूळ रोज टाकायचे. तो कधीही आला तरी भात तयार हवा. नाही आला तर तो वाटा दुसऱ्याला द्यायचा नाही, कुत्र्यालाही नाही. माणूस अजून बाहेर आहे ना! घरातल्या बाईने तो स्वतः खायचा. सगुणाने नवऱ्याचा वाटा असाच वर्षानुवर्षं सांभाळला. तो आजारपणात घरीच गेला, तेव्हाच तिने त्याची मूठ थांबवली.

मधू होडीवर कधी गेलाच नाही. तो वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लागला. डोंबिवलीला जाताना म्हणाला होता, "आई, मी रोज ठाण्यातच असणार. दुपारी जेवायला येत जाईन." पहिले दोन महिने आलाही. मग पाळी बदलली, मग कांता डबा द्यायला लागली. पण त्याने 'येणार नाही' असं कधी सांगितलं नव्हतं. म्हणून सगुणा त्याच्या दोन मुठी टाकत राहिली. तीन वर्षं तो भात दुपारभर झाकून ठेवायची आणि संध्याकाळी आपल्या ताटात घ्यायची. वजन कशाने वाढलं, ते तिला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने तांदळाच्या डब्यात हात घातला. दोन मुठी काढल्या. तिसरी भरली आणि तशीच धरून उभी राहिली. वाटा बंद करायचा म्हणजे माणूस येत नाही हे मान्य करायचं. चालू ठेवायचा तर त्याच्या दारापर्यंत आपण कधी पोचायचं नाही. तिने मूठ सोडली. तांदूळ डब्यात पडले तसं तिला रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही. बघायला होतं कोण?

त्यानंतर ती आधी भाजी खायची, थेंबभर तेलाची, मग थोडासा भात आणि कालवण. मोठा टोप तिने माळ्यावर टाकला. एकटीसाठी लहान पातेलं विकत आणावं लागलं. घरात तेवढं लहान भांडंच नव्हतं. पहिला महिनाभर दुपारी दाराशी पाऊल वाजलं की ती दचकायची. आज आला आणि भात नसला तर? तो आला नाही. हे बरं झालं की वाईट, ते तिला ठरवता येईना.

सात महिन्यांनी रघू म्हणाला, "ब्याऐंशी." आणि फटकळपणे काही बोलायचं विसरला.

पुढच्या रविवारी सगुणा डोंबिवलीला गेली. कळवलं नाही. पायऱ्या तिने मोठ्याने मोजल्या, दर मजल्यावर थांबली, पण बसली नाही. बहात्तराव्या पायरीवर तिने कपाळाचा घाम पुसला आणि बेल वाजवली.

दार मधूने उघडलं. "आई? तू! वर कशी आलीस?"

"पायांनी."

तो हसला, त्याचे डोळे भरले, त्याने तिला हाताला धरून आत नेलं. नातू खाटेला धरून पावलं टाकत होता. तिला बघून त्याने भोकाड पसरलं. तो तिला ओळखत नव्हता.

कांता पदराला हात पुसत बाहेर आली. "अगं बाई, आई! आधी सांगायचंत ना. आत्ताच जेवणं झाली. थांबा, मी लगेच कुकर लावते."

ओट्यावर भाताचं पातेलं उपडं घातलेलं होतं, घासून लखलखीत. लहानसं, नेमकं. या घरात तांदूळ मोजून पडत होते. सगुणाला राग आला नाही. फार एकटं मात्र वाटलं, कोळीवाड्यातल्या घरापेक्षाही जास्त.

"नको," ती म्हणाली. "मी जेवून आलंय."

ती जेवलेली नव्हती. कांताने काकडी कापून पुढे ठेवली, तेवढी तिने खाल्ली. नातू हळूहळू जवळ आला आणि ताटलीतली एक फोड उचलून पळाला. मग पुन्हा आला.

निघताना ती कांताला म्हणाली, "भात टाकताना मूठभर जास्त टाकत जा गं. कोण कधी येईल, सांगता येत नाय."

मधू हसत म्हणाला, "आणि कोणी नाही आलं तर?"

सगुणाने कठड्याला हात लावला आणि पहिली पायरी उतरली.

"तर आपल्यालाच खायला लागतो," ती म्हणाली.