पाहुण्यांसाठी आवरलेला दवाखाना

“आज नको गं, उद्या ये. आज पाहुणे यायचेत,” दवाखान्याच्या पायरीवर फडका पिळता पिळता मावशींनी कडेवर पोर घेतलेल्या बाईला वाटेतच अडवलं.

“पण मावशी, याचं अंग कोमट लागतंय हो.”

“उद्या पहिला नंबर तुझा. आणि जाता जाता शेजारणींनाही सांग, आज कुणी फिरकू नका म्हणावं.”

सकाळपासून मावशींनी अशी कितीतरी माणसं मागे फिरवली होती. घरी पाहुणे यायचे म्हटलं की आधी पसारा आवरायचा, एवढं त्यांना लहानपणापासून ठाऊक. दवाखाना काय नि घर काय! आया म्हणून इथे लागल्या तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आता डोक्यावर चांदी आली होती, गुडघे कुरकुरत होते. पण त्यांनी पुसलेल्या फरशीत अजूनही तोंड बघून घ्यावं.

येणारी पाहुणी साधीसुधी नव्हती. ज्या फाउंडेशनच्या पैशांवर हा दवाखाना चालायचा, तिथून ती येत होती. कुणा धनवंताने मागे ठेवलेल्या संपत्तीतून ते फाउंडेशन कुठे शाळा काढी, कुठे पाण्याच्या टाक्या बांधी, कुठे दवाखाने चालवी. यंदा शाळांना जास्त द्यायचं ठरलं होतं, म्हणून एक दवाखाना बंद व्हायचा होता. कुठला, तेच बघत ती हिंडत होती. तिला आणायला जाताना डॉक्टर एवढंच म्हणाले होते, “मावशी, आज सगळं नीटनेटकं हवं हं!”

डॉक्टर पाहुणीला घेऊन आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. बाक रिकामे. खिडकीतून येणारं ऊन तेवढं फरशीवर पसरलेलं.

“छान स्वच्छता आहे,” पाहुणी म्हणाली. “पेशंट?”

“रोज इथे पाय ठेवायला जागा नसते, मॅडम. आजच कसं...”

“सगळे असंच सांगतात, डॉक्टर. राग मानू नका.”

चहा घेऊन आलेल्या मावशींनी हे ऐकलं. कप टेबलावर ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

“मॅडम, मी घालवलं त्यांना.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. म्हटलं, तुम्ही येणार, तर खोकणारी-कण्हणारी माणसं कशाला तुमच्या पुढ्यात? डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही. माझीच अक्कल चरायला गेली.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “मावशी, अहो, त्यांनाच तर बघायला आल्यात या!”

पाहुणी दाराकडे वळली. मग चहा तसाच ठेवून म्हणाली, “चला, दाखवा मला. कुठे राहतात?”

मागच्या गल्लीत पहिलंच दार किलकिलं झालं आणि सकाळची बाई डोकावली. “मावशी, गेली का हो ती पाहुणी? पोर आता चांगलंच फणफणलंय, केव्हाची कळ काढतेय मी.”

मावशींनी डोळ्यांनीच खुणावलं. “अगं बाई!” म्हणत तिने पोराला पोटाशी घेतलं.

“काय बघत बसलीस? डॉक्टर दवाखान्यातच आहेत, जा पळ!” मावशी म्हणाल्या.

पलीकडच्या खिडकीतून आजोबा ओरडले, “मी काही बाहेर आलो नाही हो मावशी! सांगितल्याप्रमाणे घरातच आहे. खोकतोय तेसुद्धा उशीत तोंड खुपसून!”

पाहुणी फस्सकन हसली. पण पुढच्या दारामागचं कण्हणं ऐकून तिचं हसू उरलं नाही.

परतताना ती म्हणाली, “मी वर सांगेन. पण ते ऐकतीलच असं नाही.”

“तुम्ही सांगा तर खरं.”

“उद्या सकाळी येते पुन्हा. पण पाहुणी म्हणून नाही.”

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मावशी बराच वेळ हात जोडून बसल्या. पण मागणं काही ओठांवर येईना. आपणच घालवलेलं देवाकडे कुठल्या तोंडाने मागायचं?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मावशी याला आत घे, त्याला बाहेर काढ, असं करताना मेटाकुटीला आल्या होत्या. तेवढ्यात काठी टेकत आजोबा आले.

“ए ताई, तू धडधाकट दिसतेस. ऊठ बरं, यांना टेकू दे जरा,” बाकाच्या टोकाला पाठमोऱ्या बसलेल्या बाईला मावशी म्हणाल्या. ती उठली. ती वळली, तर कालची पाहुणी! मावशींनी जीभ चावली.

“राहू दे मावशी. तुम्ही तुमचं काम करा,” ती म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

इतक्यात शेजारच्या बाईला आतून बोलावणं आलं. “जरा धरता का हो हिला?” म्हणत तिने आपली धाकटी पाहुणीच्या हातात दिली आणि थोरल्याला घेऊन आत गेली. आतलं काम बराच वेळ चाललं. पोरगी पाहुणीच्या खांद्यावर झोपून गेली, तशी तिला जाग येऊ नये म्हणून पाहुणीने अलगद दुसऱ्या पायावर भार घेतला.