जोडी हजर

माझा दादा कशाने मेला? हे मी गाईला विचारलं, कुत्र्याला विचारलं, मालकाकडे तर टक लावून पाहत राहिलो. कोणी सांगितलं नाही. मी एक बैल बोलतोय, धाकटा. बैलाला कोण उत्तर देणार?

आम्ही एकाच गाईचे. दादा माझ्या आधीच्या वेताचा. मी उधळलो की तो मान तिरकी करून जू स्वतःकडे ओढून घ्यायचा. मस्ती माझी, ओझं त्याचं.

मग सरकारने ठरवलं, जो शेतकरी बैलजोडी पाळेल त्याला दरवर्षी अनुदान. चांगली गोष्ट. पण माणसाच्या हातात चांगली गोष्ट टिकते थोडीच! आमच्या शेजाऱ्याने बैल कधीच विकून ट्रॅक्टर घेतला होता. बैल गेले, पण त्यांच्या कानातले सरकारी बिल्ले त्याने जपून ठेवले होते.

तपासणीला साहेब आधी आमच्याकडे यायचे. ते गाडीत बसून रस्त्याने शेजाऱ्याकडे निघाले की मालक आम्हाला बांधावरच्या जवळच्या वाटेने पळवत त्यांच्या आधी पोचवायचा. तिथे शेजाऱ्याच्या गोठ्यात आमच्या कानातले बिल्ले उपटायचे, शेजाऱ्याचे त्याच भोकात खुपसायचे. झाले नवे बैल! मालकाला त्यात वाटा.

दादाचं डावं शिंग मोडलेलं होतं. एकदा साहेब म्हणाले, "इथेही एकाचं डावं शिंग मोडकंच?"

"इकडचा वाणच तसा आहे, साहेब."

"असं होय!" साहेबांनी तेही लिहून घेतलं. एवढं शिकून माणसाला इतकं आंधळं राहता येतं, याचं मला कौतुक वाटतं.

यंदा दादाचा कान चिघळला. अंग तापलं, वैरणीला तोंड लावेना. मालकीण म्हणाली, "अहो, थोरल्याला आज राहू द्या. उभंसुद्धा राहवत नाही त्याला."

"मग जोडी कुठून आणू? तुझ्या माहेराहून?"

शेजारी खिदळला. मालकीण आत गेली. तिचीही दया तेवढीच, उंबऱ्यापर्यंतची.

आता मी दावणीला एकटाच आहे. एकट्याला अनुदान नाही, म्हणून मला बाजारात नेणार आहेत. नेऊ देत. या दारातून सुटलो तर रडणार नाही. पण त्या दिवशीचं सांगूनच जातो.

बांधावरून पळवलेला दादा शेजाऱ्याच्या गोठ्याच्या दारात पडला. मी चाटलं, ढुसण्या दिल्या. उठला नाही. मालकाने आधी त्याच्या कानात बिल्ला खुपसला, मग नाडी पाहिली.

पुढच्या बाजूला, घराच्या ओसरीवर साहेब चहा पीत होते. "याला मागे ओढून टाक, लवकर!" शेजारी कुजबुजला. मालकाने आणि त्याने साखळी दादाच्या पायांना बांधली आणि माझ्या गळ्यात अडकवली.

माझं डोकं फिरलं. मी मागे गेलोच नाही. कासरा हिसकून दादाला ओढत थेट अंगणात आणलं, साहेबांच्या पुढ्यात. म्हटलं, बघ एकदा डोळे उघडून.

साहेबांनी कप खाली ठेवला. "हा बसला का असा?"

"नांगरून आलाय, साहेब. दमलाय," मालक म्हणाला. 

"हं. एक बसलेला, एक उभा. जोडी हजर."

ते सही करत होते तोवर मी दादाच्या शेजारी उभा राहिलो. त्या लोकांसाठी मी केलेलं शेवटचं काम तेवढंच.