उद्या कडक ऊन

आमच्या वाडीला उद्याची बातमी सांगू नये. आजच सगळं फस्त करून मोकळी होते.

खाडीपलीकडची ही मूठभर घरं. वादळात पडलेले विजेचे खांब कुणी पुन्हा उभे केले नाहीत, म्हणून देवळामागे सौर पॅनल आली आणि सगळ्यांत मिळून एक बॅटरी. उद्या ऊन किती पडेल, वीज किती साठेल, हा अंदाज माझ्या फोनवर येतो. तो वाडीच्या ग्रुपवर टाकायचं काम माझं. पुण्याहून शिकवायला आलेला साहेब म्हणाला होता, "ढग येणार हे आधी कळलं की लोक जपून वापरतात." साहेब आमच्या पंगतीला कधी बसला नव्हता. जिलबी संपत आली असं कुणी नुसतं पुटपुटलं, की पोट भरलेला माणूसही पान पुढे करतो.

श्रावणात मी पहिल्यांदा लिहिलं, "उद्या दाट ढग. वीज जपून वापरा." झालं! भागोजीनं भरलेली टाकी पुन्हा भरली. पाणी अंगणाच्या दगडी गडग्यावरून वाहिलं. श्रद्धानं दोन दिवसांचं खोबऱ्याचं वाटप मिक्सरला लावलं. आणि वाडीचे पुढारी सर्वेशदादा, त्यांनी घरची चक्की सुरू करून पोतंभर तांदूळ दळले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी काळोख झाला, बॅटरी संपली आणि त्यांच्याच आईचं, यमुनाकाकूंचं, ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. नखं निळी पडलेल्या म्हातारीला होडीत घालून पलीकडे दवाखान्यात नेलं. वाचली, नशीब तिचं.

"आधी सांगायचं नाय?" दादा माझ्यावरच ओरडले.

"आदल्या दिवशी सांगितलं होतं."

"म्हणून तर चक्की लावली!"

लाज? नावालाही नाही. घरटी मर्यादा घालू म्हटलं, तर म्हणाले, "आमी काय कैदी हाव?"

काकू घरी आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, मशीन पुन्हा थांबलं तर होडी गाठायलाही वेळ मिळणार नाही. नवरात्राच्या तोंडावर फोननं पुन्हा दाट ढग दाखवले. मी लिहिलं, "उद्या कडक ऊन. मोठी कामं उद्याच करा."

काम उद्यावर ढकलण्यात आमच्या वाडीचा हात कोण धरणार? टाकी, मिक्सर, चक्की, सगळं गप्प. दुसऱ्या दिवशी आभाळ कोसळलं तेव्हा बॅटरी भरलेली होती. पाऊस बघून चक्कीकडे वळलेल्यांना मी "दुपारी ऊन" म्हणून थांबवलं, दुपारी "उद्या नक्की" म्हणून. काकूंचं मशीन एकदाही थांबलं नाही.

संध्याकाळी दादांनी मला पडवीत बोलावून घेतलं. नवरात्रासाठी धुतलेल्या त्यांच्या गोधड्या चिंब होऊन पडल्या होत्या.

"ह्याला कडक ऊन म्हणतात काय गो? आण तो फोन. उद्यापासून खरा अंदाज मीच टाकणार."

"आणि ढग येणार असं दिसलं, तर काय कराल?"

"आदल्या दिवशी दळून घेणार. खुळी काय तू?"

आतून मशीनची घरघर येत होती. "ह्या आवाजात धड बोलता पण येत नाय," म्हणत त्यांनी आतलं दार ओढून घेतलं.

फोन मी कमरेला खोचला आणि चालू लागले. घरी येऊन बघितलं: उद्याही ढगच. "उद्या कडक ऊन," मी लिहिलं.

सर्वेशदादांचं उत्तर लगेच आलं: "आता चुकलं तर बघ. चक्की उद्याच लावतो."