शांतवनची दीक्षा

मी एक जुना सागवानी पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे, मित्रांनो, गुडघे टेकायचा. परळच्या एका लहानशा ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात माझा जन्म गेला. दगडू सुताराने मला मोडक्या गलबताच्या फळीतून घडवले आणि वर काथ्याची गादी ठोकून लाल मखमल चढवली. तो स्वतः हिंदू होता. पण काम संपल्यावर त्याने मला हात लावून नमस्कार केला आणि मगच हत्यारे आवरली.

माझ्यावर नवरा-नवरी गुडघे टेकत. तापाने फणफणलेल्या लेकरांच्या आया टेकत. पण सर्वांत मोठा सोहळा म्हणजे पाळकपदाची दीक्षा. ज्याला मंडळीचा पाळक, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजाचा धर्मगुरू, व्हायचे, तो माझ्यावर गुडघे टेके आणि वडीलधारी माणसे त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीत. सारे मंदिर श्वास रोखून पाही. त्या हातांचा भार त्याच्या अंगातून माझ्यापर्यंत उतरे, आणि मी लाकूड असूनही शहारून जाई.

आमचे पाळक आढावसाहेब म्हातारपणाने आणि आजाराने थकले होते. त्यांच्या जागी शांतवन येणार हे ठरल्यासारखेच होते. तो आठवड्याभर शाळेत शिकवी आणि रविवारी उपदेश करी. मंडळीचे प्रमुख पंच शामराव यांनीच त्याला नगरकडच्या खेड्यातून आणून शिकवले होते. ईस्टरच्या रविवारी त्याची दीक्षा व्हायची होती.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. एका दुपारी बाहेर गोळ्यांचे आवाज झाले आणि शांतवन एका माणसाला पाठीवर घेऊन आत धावत आला. तो गुणाजी, मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा. दोघे कितीतरी वर्षे एकाच खोलीत राहत. मुंबईत जागा मिळत नाही म्हणून राहत असतील, असे लोक समजत.

गुणाजीच्या पोटरीतून रक्त वाहत होते. शांतवनने त्याचा पाय उचलून माझ्यावर ठेवला.

"अरे, देवाच्या पाटार माझो पाय ठेवतंस?" गुणाजी कण्हला. "पाप लागात रे."

"गप बस. देवाला रक्त नवीन नाही," शांतवन म्हणाला आणि स्वतःचा सदरा फाडून त्याने पट्टी बांधली. रक्त थांबले तसे त्याचे अवसान गळाले. गुणाजीच्या कपाळावर कपाळ टेकून तो लहान मुलासारखा रडला. "तू गेला असतास तर मी कुणासाठी जगलो असतो?"

गोळीबारातून आसऱ्याला आलेले शामराव आणि मंडळीतल्या म्हाताऱ्या गंगुबाई दारात उभे होते. दोघांनी सारे पाहिले, सारे ऐकले.

पुढे मंडळीची सभा भरली. शामराव दुष्ट नव्हते, मित्रांनो. ते शांतवनच्या जवळ येऊन बसले. "शांतवन, तू मला मुलासारखा आहेस. नगरची एक चांगली मुलगी पाहिलीय. लग्न कर. त्या गुणाजीला दुसरीकडे राहायला सांग. मी जे पाहिलं ते विसरून जातो."

शांतवन उठला. तो पुढे आला आणि सर्वांकडे तोंड करून त्याने माझ्यावर गुडघे टेकले. काथ्याच्या गादीत त्याचे गुडघे खोल रुतले होते. ते फक्त मलाच कळत होते.

"दीक्षेच्या दिवशी इथेच मला खरं बोलायची शपथ द्याल ना? मग आजच खरं बोलतो. गुणाजी माझा सोबती आहे. काका, तुमच्या घरी काकू आहेत ना, तसा. कुणाची लेक आणून तिला फसवू का मी?"

एवढे धैर्य मी आजवर कोणाच्याही भाराखाली अनुभवले नव्हते.

मग एकच गलका झाला. कोणी शास्त्रातले वचन काढले, कोणी समाज काय म्हणेल ते काढले. गंगुबाई काठी आपटत उभ्या राहिल्या. "शास्त्र मीबी वाचलंय. माझी लेक कमळा देवीच्या आजारात पडली, तवा तुमच्यातलं कुणी उंबरा ओलांडला नाही. ह्यानं तिचे फोड पुसले. तवा ह्याचे हात चालले तुम्हाला?"

"हात चांगलेच आहेत, गंगुबाई," शामराव खाली मान घालून म्हणाले. "पण नियम मी केलेला नाही."

मते घेतली. दीक्षेच्या विरोधातले हात जास्त निघाले.

ईस्टरचा रविवार आला. मंदिर भरले होते. शांतवन मागच्या बाकावर बसला होता. आढावसाहेबांनी उपदेश संपवला, ते हळूहळू खाली उतरले, आणि त्या थकलेल्या म्हाताऱ्याने माझ्यावर गुडघे टेकले.

"शांतवन, इकडे ये. माझ्या डोक्यावर हात ठेव आणि माझ्यासाठी प्रार्थना कर."

"साहेब, मला तो अधिकार नाही."

"आजारी माणसासाठी प्रार्थना करायला कसला अधिकार लागतो रे?"

शांतवनने हात ठेवले. मित्रांनो, कितीतरी दीक्षा मी पाहिल्या, पण असा भार कधी उतरला नव्हता. गुरू खाली होता आणि शिष्याचे हात वर होते. साहेब उठले तर मागे गंगुबाई उभ्या, आपल्याही डोक्यावर ते हात ठेवून घ्यायला. त्यांच्या मागे आणखी माणसे. विरोधात हात वर केलेलीही काही त्यांत होती. गंगुबाईंनी दाराकडे पाहून हाक मारली, "गुणाजी, तिथं काय उभा ऱ्हायलास? आत ये." तो लंगडत आत आला.

शामराव जागचे हलले नाहीत. पण शेवटच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणणारा पहिला आवाज त्यांचाच होता.

शांतवनला दीक्षा कधीच मिळाली नाही. तो आयुष्यभर शाळामास्तरच राहिला, गुणाजीबरोबर. हा वाद अजूनही जगातल्या कितीतरी मंडळ्यांत चालू आहे, असे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळते. मला आता जिन्याखाली टाकले आहे. मखमल उंदरांनी कुरतडली, काथ्या बाहेर आला.

जमले तर मला कधी फडक्याने पुसा, थोडे ऊन दाखवा. आणि तुमच्यातला कोणी भीत भीत स्वतःविषयी काही खरे सांगू लागला, तर त्याचे बोलणे संपेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.