दुसऱ्या मजल्यावरचा बाक

दादाचं हृदय शेवटपर्यंत नीट चाललं. हे आधीच सांगतो, कारण सर्जनला नावं ठेवणारे भेटतात आणि माझं डोकं फिरतं. घात केला लिव्हरने, आणि त्याहून जास्त आमच्या दादाच्या ताठ्याने.

आमचा सोफे-गाद्यांचा कारखाना. दादा मालक, मी धाकटा, कारागीर. मध्ये त्याने मला हाकलून दिलं होतं, कारण मी पीत होतो. बरोबरच केलं. माझी बाटली फोमच्या ढिगात लपलेली असायची, त्याची कापायच्या टेबलावर उघड्यावर. गोड, गार, फसफसणारी. दिवसभर बसून कात्री चालवायची आणि तहान लागली की तीच तोंडाला लावायची. दारूला मात्र तो कधी शिवला नाही, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मी समोर असलो की जरा मोठ्याने.

छातीत दुखलं, बायपास ठरली. ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. सर्जन म्हणाले, लिव्हरच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या. ते डॉक्टर माझे जुने, त्यांनीच मला माणसात आणलेलं. मी दादाला दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेलो. त्यांच्या दाराबाहेर एक लांब बाक आहे. त्यावर आमची पिणाऱ्यांची मंडळी बसलेली होती: कुणाचे हात थरथरतायत, कुणाचं पोट फुगलंय, एक जण भिंतीला डोकं टेकून घोरतोय. मी सवयीने सरकून दादाला जागा केली.

दादा उभाच. "इथे बसू? यांच्यात?"

"अरे, न पिणाऱ्यालाही होते चरबी, गोडानेही होते. बस की!"

"ओळखीच्या कुणी पाहिलं तर काय सांगू?" असं म्हणून तो जिना उतरलाही.

काही दिवसांनी त्याने वहिनीला आणि मला सांगितलं, "एकटाच जाऊन आलो. सगळं ठीक आहे." सर्जनलाही तेच सांगितलं. रक्ताच्या तपासण्या बऱ्या होत्या, आणि जो माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही त्याच्यावर शंका कोण घेणार?

ऑपरेशन छान झालं. मग रक्त थांबेना. मग पोटात पाणी साठलं, डोळे पिवळे झाले, बोलणं भरकटायला लागलं. सर्जनने आम्हाला बाहेर बोलावलं. "लिव्हर आतून आधीच कडक झालेलं होतं. अशा लिव्हरला एवढं मोठं ऑपरेशन झेपत नाही. माहीत असतं तर आम्ही थांबलो असतो."

"पण ते दाखवून आले होते ना!" वहिनी म्हणाली.

मी धावत दुसऱ्या मजल्यावर गेलो. "तुझा भाऊ? तो काही आला नाही," डॉक्टर म्हणाले. इतका संताप आला की वाटलं, त्याला पलंगावरून उठवून दोन लगावाव्यात. खाली येईपर्यंत मला रडू आवरेना.

वॉर्डातल्या नर्सने वहिनीला विचारलं, "किती वर्षं घेत होते?"

"थेंबसुद्धा नाही हो."

नर्सने मान हलवली. असं म्हणणाऱ्या सगळ्याच बायकांपुढे ती तशीच हलवत असणार.

एका दुपारी दादा शुद्धीवर आला. माझं मनगट धरून म्हणाला, "सांग सगळ्यांना. मी कधी प्यायलो नाही."

"सांगतो रे."

त्याने माझं मनगट सोडलं. "नको. तुझ्या वहिनीला सांगू दे. तुझं कोण ऐकणार?"

त्यानंतर तो नीट बोलला नाही. दोन दिवसांनी गेला.

भेटायला येणारे वहिनीचं सगळं ऐकून घेतात, हळहळतात. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जातो. तिथे ते आवाज खाली आणून विचारतात, "तूच लावलीस ना रे त्याला सवय?"

मी नाही म्हणतो. कोण ऐकतंय.