लाइपझिगचं पत्र

हमदुल्लाच्या सहीचा शेवटचा फराटा नौशीनला अकराव्या खेपेला जमला. तिने रद्दी कागद बाजूला सारला, युनिव्हर्सिटीचा पालकांच्या संमतीचा फॉर्म पुढे ओढला आणि थोरल्या भावाची सही केली. खाली त्याचं नाव लिहिलं, तारीख घातली, मोबाइलवर फोटो काढून ऑफिसला पाठवून दिला. दुपारचा एक वाजला होता. खाली शारजातल्या रोल्ला भागाच्या रस्त्यावर दुकानांची शटरं जेवणाच्या सुट्टीसाठी खाली येत होती.

फॉर्म अरफाचा होता, हमदुल्लाच्या मुलीचा. आईबाप अबुधाबीला, खलिफा सिटीत. पोरगी इथे शारजात आर्किटेक्चर शिकत हॉस्टेलवर राहायची. वर्षभर जर्मनीत जाऊन शिकायची संधी आली, तेव्हा ती बापाकडे न जाता फुपीकडे, म्हणजे आत्याकडे, आली. नौशीन घरी जर्मनच्या शिकवण्या घ्यायची.

"अब्बा विल नेव्हर अलाऊ," अरफा म्हणाली होती.

"तू भाषेचं बघ. सहीचं माझ्यावर सोड."

आठ महिने नौशीनने तिला दामटून शिकवलं. अरफाला वाटायचं, फुपीचा आपल्यावर जीव आहे. तो होताही. पण चुकलेलं वाक्य दहादा म्हणून घेताना नौशीनच्या डोळ्यांसमोर हमदुल्लाचं जेवणाचं टेबल असायचं आणि त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची. पाच शहरांची यादी होती. लाइपझिग सगळ्यात वर घालायला तिनेच लावलं. एक वर्ष म्हणून गेलेली मुलगी तिथलीच होऊन जावी, नोकरी तिकडे, लग्न तिकडे, आणि बापाने फोनच्या पडद्यावर तिला बघत म्हातारं व्हावं, इथवर तिने ठरवून ठेवलं होतं.

कारण चोवीस वर्षांपूर्वी लाइपझिगला नौशीन जायची होती. मुंबईत एम.ए. करताना तिने अर्ज केला होता, आणि रत्नागिरीच्या घरी बसून ती उत्तराची वाट बघत होती. अब्बा वारले होते. हमदुल्ला शारजाहून सुट्टीवर आलेला, घरातला कर्ता तोच. उत्तर आलं नाही. नाव लागलं नसेल, असं सगळ्यांनी म्हटलं, तिनेही मानलं. दीड वर्षाने लग्नाच्या खरेदीसाठी मुंबईला गेली असताना जुने प्राध्यापक भेटले. "एवढी जागा मिळाली, आणि तू आपल्या हाताने नको म्हणून लिहिलंस?" ते म्हणाले. घरी येऊन तिने आईकडे बघितलं, तर आईने मान फिरवली. भावाला तिने कधी विचारलं नाही. लग्न होऊन शारजाला आली, दर ईदला त्याच्या घरी जेवली, त्याची पोरं कडेवर खेळवली, आणि संधीची वाट बघत राहिली.

फॉर्म पाठवल्याच्या तिसऱ्या दिवशी अरफाचा फोन आला.

"फुपी, ऑफिसकडे अब्बांच्या सहीचे दोन फॉर्म आहेत. सिग्नेचर मॅच होत नव्हत्या."

"दोन कसे?"

"अब्बांना त्यांनी डायरेक्ट ईमेल केला होता. त्यांनी साइन करून पाठवला. दहा दिवस झाले. मला बोलले पण नाहीत."

"मग?"

"ऑफिसने दोन्ही फॉर्म पाठवून अब्बांना कॉल केला. ते म्हणाले, दोन्ही सह्या माझ्याच आहेत. खलास. सीट कन्फर्म." अरफाच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "आता मला घ्यायला येतायत. म्हणाले, आधी फुपीकडे जाऊ."

फोन ठेवल्यावर नौशीन बराच वेळ शिकवणीच्या टेबलाशी बसून राहिली. सगळा जोर लावून दार ढकलायला जावं आणि ते आधीच कुणीतरी उघडून ठेवलेलं असावं, तशी तिची गत झाली होती.

हमदुल्ला एकटाच वर आला. दोन जिने चढून त्याला धाप लागली होती.

"पार्किंग मिळेना. अरफा गाडीतच बसलीय," तो म्हणाला.

तिने पाणी दिलं. ते सगळं पिऊन त्याने ग्लास टेबलावर ठेवला.

"सही बरोबर केली होतीस. बँकेतसुद्धा चालली असती. मला तारखेवरून कळलं."

"तारखेवरून?"

"सातच्या पोटात आडवी रेघ, जर्मन पद्धतीची. आपल्या घरात तसा सात तू एकटी काढतेस. तेव्हा मलाही तो जमेना. तुझी एक वही घेऊन चार दिवस गिरवत बसलो होतो. लाइपझिगला पाठवायच्या पत्रावर सतरा जुलै घालायची होती."

बावीस वर्षं तिने याच क्षणाची तयारी केली होती. तो रडला तर काय बोलायचं, खोटं बोलला तर काय, सगळं पाठ होतं. तो मात्र रस्त्यात ट्रॅफिक किती होतं ते सांगावं तशा आवाजात बोलला होता.

"आई तेव्हा एकटी पडली असती, म्हणून..."

"आईला मध्ये आणू नकोस, भाई."

त्याने रिकामा ग्लास बाजूला सरकवला.

"अरफाच्या फॉर्मवर का सही केलीस?" तिने विचारलं.

"ती मला विचारायला आली नाही. मी समोर आलो की तू गप्प व्हायचीस ना, तशी तीही व्हायला लागली होती."

"आणि दोन्ही सह्या तुझ्याच म्हणालास. उपकार केलेस माझ्यावर?"

"तिची सीट गेली असती."

नौशीनला राग आला तो यानेच. हिसकावून घ्यायचं म्हणून जे तिने आठ महिने जमवलं, ते त्याने दहा दिवसांपूर्वीच, तिला न कळवता, देऊन टाकलं होतं. ती खिडकीशी गेली. खाली दुसऱ्या गाडीला खेटून उभ्या केलेल्या गाडीत अरफा फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होती.

"तिला वर बोलाव."

"कशाला?"

"मला सांगितलंस ते तिलाही सांग."

"नौशीन, सप्टेंबरात जाणार आहे पोरगी. खुशीत जाऊ दे तिला."

"मीही खुशीतच जाणार होते."

हमदुल्लाने चष्मा काढून हातात धरला. "तिच्या नजरेतून उतरेन मी."

"हो," नौशीन म्हणाली.

त्याने चष्मा पुन्हा लावला आणि फोन उचलला.

अरफा गाडीची किल्ली बोटात फिरवत आली, दोघांचे चेहरे बघून दारातच थांबली. "व्हॉट हॅपन्ड?"

"बस इथे," नौशीनने खुर्ची दाखवली. स्वतः ती उभीच राहिली. तिला मुलीचा चेहरा नीट दिसायला हवा होता. "बोल, भाई."

हमदुल्ला सावकाश बोलला. "तुझ्या फुपीलाही लाइपझिगहून बोलावणं आलं होतं. तू जन्मायच्या आधी. ते पत्र तिला मी दाखवलं नाही. तिच्या नावाने नकार लिहिला. तिची सहीही मीच केली."

अरफाची किल्ली फिरायची थांबली. ती बापाकडे बघत राहिली, मग तिने खुर्ची हळूच मागे सरकवली. वीतभर असेल. पण हमदुल्लाला ते दिसलं, आणि त्याला ते दिसलेलं नौशीनने बघितलं. इतक्या वर्षांत तिला एवढंच हवं होतं.

"झालं?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. "नाही. दुसरं पत्र राहिलं."

अरफाने किल्ली टेबलावर ठेवली.

"पुढच्या वर्षी मी सुट्टीवर आलो तेव्हा आलं," तो अरफाकडेच बघत म्हणाला. "त्यांनी विचारलं होतं, यंदा येता येईल का, जागा ठेवतो."

"त्यांना काय लिहिलंत?" अरफाने विचारलं.

"काहीच लिहिलं नाही. परत तिसरं आलं तर, अशी भीती वाटली. म्हणून मग महिन्याभरात हिचं लग्न ठरवून टाकलं."

अरफाने वळून फुपीकडे बघितलं.

नौशीनला एकच पत्र माहीत होतं. तिने टेबलाची कड चाचपली आणि अरफा उठून तिला खुर्ची देईपर्यंत ती कड धरून उभी राहिली.