दमयंतीबाईंचं अयाचित

चातुर्मासात दमयंतीबाई अयाचित पाळत. न मागता पानात पडेल तेवढंच खायचं. भाजी अळणी असली तरी मीठ मागायचं नाही. पण वडील गेल्यापासूनच्या बारा वर्षांत हा नेम पानापुरता राहिला नव्हता. त्यांनी कुणाकडे कशासाठीच तोंड उघडलं नव्हतं.

आणि आज, सहासष्ट सालच्या श्रावणात, पालघरच्या वस्तुसंग्रहालयासाठी निधिप्रमुख निवडायला त्याच बसल्या होत्या. वडिलांनी, पुंडलिक मास्तरांनी, गावोगाव हिंडून जमवलेली वल्ही, नांगर, वीरगळ भाड्याच्या दोन खोल्यांत होते. दिवाळीला खोल्या सोडायच्या. तोवर निधीची सोय दिसली नाही, तर सगळं मुंबईला एका मोठ्या संग्रहालयात द्यायचं, असं ठरलेलं.

पहिले आले मुंबईचे कृष्णकांतराव. "चार शेटजी माझ्या खिशात आहेत. फक्त दारावर नाव त्यांचं हवं. मास्तरांचं काय, आत कुठंतरी लावू."

संग्रहालयाचे अध्यक्ष प्रतापराव वकील खूश झाले. दमयंतीबाईंनी जपमाळ मुठीत घट्ट धरली.

दुसऱ्या सातपाटीच्या गोदूबाई. मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यासाठी घरोघर फिरून त्यांनी भांडवल उभं केलेलं. खुर्ची सोडून त्या आधी भिंतीवरच्या वल्ह्याकडे गेल्या, त्यावर हात फिरवला.

"आमच्या जानू तांडेलाचं हाय हे."

"तारापूरला वीजकेंद्राचे साहेब आलेत," प्रतापराव म्हणाले. "त्यांच्याकडे देणगी मागायला इंग्रजी लागतं, बाई."

"त्यांना म्हावरं कोण देतं, वकीलदादा? साहेबीणबाय पापलेटाचे डोळे बघते, तवर मी तिचे बघते. कोण घेणार नि कोण नुसतं चिवडणार, टोपली उतरवायच्या आधी कळतं."

प्रतापरावांना हसू आवरेना. "पण मागणार कसं?"

"मागते कशाला? होडी लागली की आमच्यात वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा, माणसांचा, देवळाचा. त्यात ह्या वल्ह्याचा एक धरायचा."

"मग इतकी वर्षं सातपाटीनं काहीच का दिलं नाही?" दमयंतीबाईंनी हळूच विचारलं.

"तुमी सांगितलंच नाय, बाय! मास्तर आमच्या ओट्यावर बसून चहा मागून प्यायचे. ते गेले नि तुमी कधी आल्याच नाय. आमाला वाटलं, सोवळ्यातली बाय, आमचं काय नको असंल तिला."

दमयंतीबाईंची नजर वल्ह्याकडे गेली. नेम देवासाठी धरला होता, आणि कोळीवाड्याला तो तोंड फिरवल्यासारखा दिसला होता.

गोदूबाई ओसरीवर गेल्यावर प्रतापरावांनी कागद ओढला. "ताई, कृष्णकांतांनाच पत्र घालतो. शेटजी ते शेटजी."

"भाऊसाहेब, थांबा." दमयंतीबाईंनी कागदावर हात ठेवला. "मला गोदूबाई हव्यात. आणि दारावर बाबांचं नाव हवं. मी मागतेय."

प्रतापरावांनी चष्मा काढला. बारा वर्षांत या बाईनं पाण्याचा पेलासुद्धा मागितलेला त्यांना आठवेना. त्यांनी कागदावर गोदूबाईंचं नाव घातलं.

ओसरीवर गोदूबाई रिकामी टोपली डोक्यावर घेत होत्या. बातमी ऐकून म्हणाल्या, "येते मी. पण पहिल्या दारात तुमी बोलायचं. मास्तरांची लेक."

"उद्या?"

"उद्या नारळी पुनव. सगळे घरातच."

दमयंतीबाईंनी मान हलवली. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "गोदूबाई, पहिलं दार तुमचंच धरू या. चहा द्याल ना?"